तारेची जाडी

मोटरहोमचं वीजकाम काढलंय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘बॅटरी कितीची टाकली?’ दोनशे एएचची, म्हणजे अँपिअर-तासांची, लिथियम, असं सांगितलं की त्याचं समाधान होतं आणि विषय तिथेच थांबतो. वायर किती स्क्वेअरची (चौरस मिलिमीटरची) ओढली, फ्यूज बॅटरीपासून किती लांब बसवला, वायरीच्या टोकांचे लग, म्हणजे बोल्टखाली बसणारी धातूची टोपणं, कशाने दाबले, हे मला एकाच माणसाने विचारलं. ते माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. पाटण तालुक्यात आधी वीज मंडळात आणि २००५ मध्ये मंडळाचं विभाजन झाल्यावर महावितरणमध्ये त्यांनी लाइनमन म्हणून नोकरी केली. बॅटरी दुकानातून आणता येते. तिच्या भोवतीचं काम मात्र कुणीतरी बसून, हाताने, मन लावून करावं लागतं, आणि गाडीची सुरक्षितता सगळी त्या कामात असते. मला त्याबद्दलच लिहायचं आहे.

आम्ही इंग्लंडात, लीड्सला राहतो. गाडी फियाट डुकाटोच्या चासीवर बांधलेली, सेकंडहँड घेतलेली, चौघांना झोपता येईल एवढी. अशा गाडीत विजेच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात. एक १२ व्होल्ट डीसीची: दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, फोनचे चार्जर. इंजिनाच्या बॅटरीला धक्का न लावता हे सगळं एका स्वतंत्र बॅटरीवर चालतं. इथे तिला लीझर बॅटरी, म्हणजे फुरसतीची बॅटरी, म्हणतात. दुसरी २३० व्होल्ट एसीची: कॅम्पसाइटवरच्या खांबाला निळा १६ अँपिअरचा प्लग लावला की घरासारखे सॉकेट सुरू होतात. खांब आहे तोवर काही अडत नाही. पण स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यावर, डरनेसच्या अलीकडे-पलीकडे, ज्या जागी गाडी उभी करून राहावंसं वाटतं तिथे बहुतेक वेळा खांब नसतो. तिथे गाडीत जेवढी वीज साठवून आणली तेवढीच आपली.

साठवलेल्या विजेवर राहणं मला नवीन नाही. माझी शाळा भारनियमनात गेली. कोयनेचं धरण आमच्याच तालुक्यात, त्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॉट वीज तयार होणार, आणि आमच्या वाडीत दिवसातले कितीतरी तास लाइट नाही. घरी पहिला इन्व्हर्टर आला तेव्हा अण्णांनी त्याच्यावर दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा एवढंच जोडलं आणि बोर्डावर खडूने खूण केली. बाकीच्या बटणांना हात लावायचा नाही. जिन्याखालच्या दीडशे एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं काम माझ्याकडे होतं. झाकणं उघडायची, पातळी बघायची, नरसाळ्याने पाणी घालायचं, हात धुवायचे. वीज ही भिंतीतून आपोआप येणारी गोष्ट आहे असं मला लहानपणी कधी वाटलं नाही. ती कुठेतरी साठते, कशातून तरी वाहते आणि संपते. इथल्या माझ्या मैत्रिणींना हे मोटरहोम घेतल्यावर पहिल्यांदा कळतं.

म्हणून सुरुवात कागदावर केली. गाडीतल्या प्रत्येक वस्तूचे वॉट लिहिले, बाराने भागले, ती रोज किती तास चालते त्याने गुणलं. जुने दिवे हॅलोजनचे होते. प्रत्येकी १० वॉट, असे सहा: ६० वॉट, म्हणजे ५ अँपिअर. डिसेंबरात इथे चार वाजता अंधारून येतं. संध्याकाळचे पाच तास धरले तर २५ एएच. त्याच जागी २ वॉटचे एलईडी बसवले की ५ एएच. शंभर एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य राखायचं असेल तर तिच्यातून निम्मंच काढावं, म्हणजे हातात खरे ५० एएच. त्यातले २० नुसत्या बल्बांनी वाचवले. बॅटरी वाढवण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी आधी दिवे बघायला सांगते. कमी खर्चात इतका मोठा फरक या कामात दुसऱ्या कशानेच पडत नाही.

मग बाकीचं. आमचा हीटर गॅसचा, पण त्याचा पंखा विजेवर: सरासरी १ अँपिअर, रात्रभरात १० एएच. लॅपटॉप ६० वॉटचा, तीन तास, १५ एएच. इंटरनेटचा राउटर ८. फोन, पंप, भिंतीवरचं कंट्रोल पॅनल मिळून आणखी ५-६. बेरीज पंचेचाळिसाच्या आसपास. म्हणजे जुनी बॅटरी एका दिवसाची सोबती, आणि दुसऱ्या दिवशी आभाळ भरलेलं असलं की खांब शोधायला निघायचं.

यादीत मिक्सर लिहिला तेव्हा आकडा बघून पहिल्यांदा छाती दडपली. आई-अण्णा उन्हाळ्यात येतात, आई येताना सुकं खोबरं घेऊन येते, आणि गाडीत मिक्सर नाही म्हटल्यावर तिचा स्वयंपाक अर्धा अडतो. ७५० वॉटचा मिक्सर. इन्व्हर्टरमधली तूट धरली तर बॅटरीतून जवळजवळ ६५ अँपिअर ओढतो. पण किती वेळ? वाटण दोन मिनिटांत होतं. ६५ अँपिअर दोन मिनिटं म्हणजे जेमतेम सव्वादोन एएच. आता याच्या शेजारी १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रिज ठेवा. ४५ वॉटचा, पावणेचार अँपिअर घेणारा, कुणाच्या लक्षातही येणार नाही असा. तो दिवसातला चाळीस टक्के वेळ चालला तरी चोवीस तासांत ३६ एएच घेतो. आवाज करणारा मिक्सर बॅटरीला जवळजवळ फुकट पडतो आणि गप्प बसलेला फ्रिज ती रिकामी करतो.

इथे दोन वेगळे हिशेब सुटे होतात आणि ते सुटेच ठेवले पाहिजेत. बॅटरी केवढी हवी हे फ्रिज, पंखा, लॅपटॉप ठरवतात, म्हणजे तासन् तास चालणाऱ्या वस्तू. वायर केवढी जाड हवी हे मिक्सर ठरवतो, म्हणजे दोन मिनिटं चालणारी वस्तू. वायरीला एएच कळत नाहीत. तिला त्या क्षणाचे अँपिअर कळतात.

आधीच्या मालकाने हा दुसरा हिशेब केलेलाच नव्हता. सीटखालचा गालिचा उचलला तेव्हा दिसलं: १,००० वॉटचा इन्व्हर्टर बॅटरीपासून चार मीटर लांब कपाटात बसवलेला, मधे दहा स्क्वेअरची वायर, आणि बॅटरीजवळ फ्यूज नाही. लगजवळचं लाल इन्सुलेशन तपकिरी पडलं होतं. मी फोनचा कॅमेरा तिथे धरून अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

‘कितीची वायर हाय ती?’

‘दहा स्क्वेअर, अण्णा.’

‘आन् पूर्ण लोडला करंट?’

‘पंच्याण्णव अँपिअर बसतो.’

‘मग आधी ती काढून टाक, बाळ. बॅटरीचं मागनं बघू.’

त्यांनी आकडेमोड केली नव्हती, रंग बघितला होता. आकडेमोड मी केली. तांब्याचा रोध एक मीटर लांबीला आणि एक चौरस मिलिमीटर जाडीला ०.०१७२ ओहम. चार मीटर जायचे, चार यायचे, आठ मीटर. दहाने भागा: ०.०१४ ओहमच्या जरा आत. पंच्याण्णवने गुणा: १.३ व्होल्ट. बारातले सव्वा-दीड व्होल्ट वाटेतच गेले, म्हणून त्या इन्व्हर्टरचा कमी व्होल्टेजचा भोंगा सारखा वाजत असणार. आणि गेलेले व्होल्ट नाहीसे होत नाहीत. १.३ गुणिले ९५ म्हणजे सव्वाशे वॉट उष्णता, गालिच्याखाली, लाकडाला चिकटून.

१२ व्होल्टचं सगळं दुखणं यातच आहे. तेवढंच काम २३० व्होल्टऐवजी १२ व्होल्टवर करायचं तर करंट एकोणीस पट लागतो, आणि वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. त्याच वायरीत ती साडेतीनशे पटींच्याही वर जाते. अण्णा ज्या लाइनवर चढायचे ती ११ केव्हीची, म्हणजे अकरा हजार व्होल्टची होती. व्होल्टेज इतकं चढवतात ते करंट कमी व्हावा आणि बारीक तारेतून वीज लांब नेता यावी म्हणूनच. मोटरहोममध्ये आपण उलट्या टोकाला उभे असतो. १२ व्होल्टने माणसाला झटका बसत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण १२ व्होल्ट आग लावतो, आणि २३० पेक्षा सहज लावतो, कारण करंट अवाढव्य असतो.

नवा इन्व्हर्टर २,००० वॉटचा, प्युअर साइन वेव्हचा घेतला आणि तो बॅटरीला लागून बसवला. पूर्ण लोडला १७५ अँपिअर. एक मीटरची ७० स्क्वेअरची वायर घातली की तूट ०.०८ व्होल्टच्या घरात येते. लांब न्यायचीच असेल तर २३० ची वायर लांब न्यावी, १२ ची कधीच नाही. ७० स्क्वेअरची वायर हातात घेतली की लक्षात येतं, ती वाकवायलासुद्धा जागा ठेवावी लागते. केसासारख्या बारीक तारांची लवचीक वायर हवी. घराच्या भिंतीत घालतात तसली कडक तार गाडीच्या हादऱ्यांनी तुटते. आणि तांबंच हवं. स्वस्तातली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची वायर दिसायला तशीच असते. जाडी तीच, पण करंट कमी नेते. टोक कापून आत चंदेरी दिसलं तर ती परत करावी.

मग लग. या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. वायरीचं टोक बरोबर लगच्या खोलीएवढं सोलायचं, तारा न कापता. लगमध्ये शेवटपर्यंत सारायचं. हायड्रॉलिक क्रिंपरमध्ये त्याच मापाची डाय घालून दाबायचं. नीट दाबलेल्या लगमध्ये तारा आणि नळी मिळून एकच घट्ट धातू होतो. करवतीने कापून बघितला तर तारांमध्ये फट दिसत नाही. हातोडीने ठोकलेला लग वरून घट्ट दिसतो, आत पोकळ राहतो. झाळून भागेल असंही काही जण म्हणतात, पण झाळ तारांमध्ये वर चढते, तिथे वायर कडक होते आणि हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते. त्यावर हीट श्रिंक स्लीव्ह. आणि बॅटरीच्या टर्मिनलवर आधी लग, त्यावर वॉशर, त्यावर नट. लग आणि टर्मिनल यांच्या मधे वॉशर आला की सगळा करंट स्टीलच्या त्या चकतीतून जातो.

सैल जोड किती महागात पडतो ते आकड्यात सांगते. जोडाचा रोध एक मिलीओहम, म्हणजे ओहमचा हजारावा भाग. साधा मल्टीमीटर तो दाखवूसुद्धा शकत नाही. त्यातून १५० अँपिअर गेले तर साडेबावीस वॉट. तेवढ्या वॉटांत सोल्डरिंग आयर्न चालतं. ते आपण प्लायवुडच्या कपाटात चालू करून ठेवलं आहे असं समजा. अण्णा सांगतात, रात्रीच्या पेट्रोलिंगला लाइनखालून जाताना सैल जंपर (दोन तारांना जोडणारा तुकडा) लांबून ओळखू येतो, तो लाल दिसतो. दिवसा त्याच खांबाखाली उभं राहिलं तर काही कळत नाही. गाडीत तो लाल दिसेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून नवं काम झाल्यावर पहिल्या मोठ्या प्रवासानंतर सगळे बोल्ट ठरलेल्या न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने पुन्हा तपासले. अण्णांनी कॉलवर प्रत्येक बोल्टचं विचारलं. ‘आवळलास का परत? आन् खूण केलीस का?’ आता प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ आहे. नट फिरला तर रेघ मोडते.

फ्यूजबद्दल मी जरा ठासून लिहिते, कारण शिकलेली माणसंही इथे उलटं समजून असतात. फ्यूज यंत्र वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून त्याची जागा यंत्राजवळ नाही, विजेच्या उगमाजवळ. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा जो तुकडा असतो त्याला राखणारं कुणी नाही, म्हणून तो वीतभरच असावा. आणि फ्यूजचा आकडा वायरीच्या पेलण्याच्या आत असायला हवा. आमच्याकडे घराघरांत किटकॅट फ्यूज होते. उन्हाळ्यात लोड वाढला की तार वितळायची, आणि दर वेळी ती बदलायचा कंटाळा येऊन लोक किटकॅटमध्ये वायरीच्या चार-सहा तारा पिळून घालायचे. मग फ्यूज जात नसे. छपरातली वायर जायची. अण्णांनी अशी जळालेली घरं बघितली आहेत. ते मीटर बघायला गेले की आधी किटकॅट उपसून बघायचे.

इथल्या प्लगमध्ये हीच काळजी वेगळ्या रूपात दिसते. ब्रिटनचा तीन चौकोनी पिनांचा प्लग १९४७ च्या मानकातला. त्याच्या पोटात ३ किंवा १३ अँपिअरचा छोटा फ्यूज असतो, आणि तो प्लगपासून यंत्रापर्यंतच्या दोरीसाठी असतो. आपल्याकडचा गोल पिनांचा प्लग त्याआधीच्या ब्रिटिश मानकातून आला, त्यात फ्यूज नाही. आईच्या मिक्सरचा गोल पिनांचा प्लग कापून चौकोनी लावला तेव्हा तो फ्यूज मी अण्णांना काढून दाखवला. ते बराच वेळ बघत होते.

लिथियमच्या बाबतीत फ्यूजची जात महत्त्वाची. शॉर्ट झालं तर लिथियम बॅटरी क्षणात हजारो अँपिअर देऊ शकते. साध्या मेगा फ्यूजची तोडण्याची ताकद ३२ व्होल्टला २,००० अँपिअर. त्याच्या वरच्या करंटला फ्यूज वितळला तरी आत ठिणगीची कमान पेटती राहू शकते. म्हणून मुख्य फ्यूज मी क्लास टी घेतला, २५० अँपिअरचा. तो २०,००० अँपिअर तोडतो. किंमत बरीच जास्त. पूर्ण कामात मी एक पैसाही वाचवायला गेले नाही अशी जागा हीच.

आता बॅटरी. लेड-ॲसिडचा शोध १८५९ चा, फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांचा, आणि इतकी वर्षं तिने इमानाने काम केलं आहे. तिच्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. आमच्या गाडीतली लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. फोनमधली नव्हे, हा फरक घरच्यांना समजावताना मला नेहमी १९९७ चा एक शोधनिबंध आठवतो. टेक्सास विद्यापीठातून आलेला, आणि त्यावर तीन नावं: ए. के. पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ. गुडइनफना लिथियम-आयन बॅटरीसाठी २०१९ चं नोबेल मिळालं, वयाच्या ९७ व्या वर्षी. पहिली दोन नावं फार थोड्यांना माहीत आहेत, म्हणून मी ती मुद्दाम घेते. त्यांनी दाखवलेल्या पदार्थात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो. फोन-लॅपटॉपच्या कोबाल्ट असलेल्या सेलमध्ये तापमान वाढलं की ऑक्सिजन सुटतो आणि आगीला आतूनच हवा मिळते. फॉस्फेटमध्ये तो सहजी सुटत नाही. ज्या खोलीत मुलं झोपतात तिच्याच सीटखाली बॅटरी ठेवायची तर हे रसायन मला पटतं.

शिवाय वजन. इथे १ जानेवारी १९९७ पासून गाडीची परीक्षा पास झालेल्यांना साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच डिझेल किंवा पेट्रोलची गाडी चालवता येते. पाण्याची टाकी, गॅस, सायकली, चार माणसं, आईची डब्यांची पिशवी, हे सगळं त्यात बसवायचं. वापरता येणारे १६० एएच लेड-ॲसिडमधून हवे असतील तर ३२० एएच घ्यावे लागतात, साधारण ८० किलो. लिथियमच्या दोनशेतले ऐंशी टक्के वापरले की तेवढेच मिळतात, आणि तिच्या दोन शंभरच्या बॅटऱ्या मिळून २४ किलोंच्या आसपास. तेवढ्याने साडेतीन दिवस निघतात.

पण ती सवयी बदलायला लावते. चार सेल, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, मिळून १२.८, आणि भरलेली असताना व अर्धी असताना व्होल्टेजमध्ये नखभर फरक. जुन्या व्होल्टमीटरवरून तिची अवस्था कळत नाही. त्यासाठी निगेटिव्ह बाजूला शंट लागतो: ५०० अँपिअरला ५० मिलिव्होल्ट दाखवणारी धातूची पट्टी, आत-बाहेर जाणारा प्रत्येक अँपिअर मोजणारी. सगळ्या निगेटिव्ह वायरी शंटच्या पलीकडच्या बाजूला जायला हव्यात. एक जरी थेट बॅटरीला गेली तर तिचा हिशेब लागत नाही.

आणि थंडी. शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करायची नाही. वापरायला हरकत नाही, चार्ज करायची नाही. गारठ्यात लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या आत शिरू शकत नाहीत, त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतात, आणि ते नुकसान भरून येत नाही. चांगल्या बॅटरीतली बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा, तापमान बघून चार्जिंग तोडते. तरी मी तिच्यावर एकटीवर भार ठेवला नाही. बॅटऱ्या बाहेरच्या पेटीतून काढून आत, हीटरच्या हवेच्या वाटेवर आणल्या.

इंजिनाकडून येणारी वीजही आता थेट जोडता येत नाही. लेड-ॲसिडच्या काळात मधे एक रिले असायचा: इंजिन सुरू झालं की रिले जोडला जायचा आणि दोन्ही बॅटऱ्या एक व्हायच्या. लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की ती अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनावर फिरून वीज करणाऱ्या यंत्राकडून, मिळेल तेवढा करंट ओढते, आणि ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंद असतो, तो तापून जळू शकतो. युरो ६ या प्रदूषण-मानकाच्या नव्या गाड्यांचे अल्टरनेटर तर इंधन वाचवायला स्वतःच व्होल्टेज खाली आणतात. म्हणून मधे डीसी-डीसी चार्जर लागतो, आमचा ३० अँपिअरचा. ५ मीटरचं अंतर, येऊन-जाऊन १०. सहा स्क्वेअर घातली असती तर ०.८६ व्होल्ट पडले असते, १६ स्क्वेअरमध्ये ०.३२ पडतात. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना.

सोलरवर लोक फार आशा ठेवतात. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य साताऱ्यात ४९ अंशांवर असतो, लीड्सला १३ च्याही खाली. छतावर आडव्या ठेवलेल्या पॅनलला तो जवळजवळ दिसतच नाही. उन्हाळ्यात पॅनल घर चालवतं, हिवाळ्यात ते बॅटरीला फक्त जागी ठेवतं. इतकं कळलं की पुरे.

२३० व्होल्टच्या बाजूला मी हात लावला नाही. इथल्या वायरिंगच्या नियमांत, बीएस ७६७१ मध्ये, कॅराव्हॅन आणि मोटरहोमसाठी ७२१ क्रमांकाचा स्वतंत्र विभाग आहे, आणि तो वाचल्यावर हे काम नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडे द्यायचं हे माझं ठरलं. खांबाची वीज आणि इन्व्हर्टरची वीज एकाच वेळी एका सॉकेटवर येता कामा नये. इन्व्हर्टरचा न्यूट्रल अर्थशी नीट बांधलेला नसेल तर आरसीडी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असूनही तो वेळेला ट्रिप होणार नाही, आणि हे चाचणीच्या यंत्राशिवाय कळत नाही. स्वतः करण्याची हौस इथे संपवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. १२ व्होल्टकडे काम करतानाही मी अंगठी, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवते, आणि पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळते. दोन टर्मिनलवर आडवा पडलेला पाना वेल्डिंग करतो.

पुण्यातला माझा चुलतभाऊ ट्रॅव्हलर मिनीबस घेऊन असंच काहीतरी करायचं म्हणतोय. त्याला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी समजून घे आणि आरटीओत विचार, नंतर नाही. दुसरी, तुझा शत्रू थंडी नाही, ऊन आहे. मे महिन्यात बंद गाडीत सीटखालचं तापमान बॅटरीचं आयुष्य भराभर खातं, आणि गरम जागेत वायरही कमी करंट पेलते, म्हणून ती एक माप जाड घे. सूर्य मात्र तुला भरपूर आहे.

गाडीच्या कपाटाच्या दाराला आतून मी एक आकृती चिकटवली आहे: कुठून कुठे कोणती वायर, किती स्क्वेअर, कोणता फ्यूज, कोणत्या महिन्यात तपासला. ही गाडी उद्या दुसऱ्या कुणाकडे जाईल. त्याला गालिचा उचलून अंदाज करायला लागू नये. विमा कंपनीलाही बदल कळवले आणि इलेक्ट्रिशियनचं प्रमाणपत्र पाठवलं.

पुढचं काम फ्रिजचं. आत्ताचा गॅसवर चालतो, तो काढून १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज बसवायचा आहे. रोजच्या पंचेचाळिसात ३६ ची भर पडेल, साडेतीन दिवसांचे दोन होतील. उन्हाळ्यात सोलर ते भरून काढेल, हिवाळ्यात गाडी जास्त चालवावी लागेल. जागेवर आत्ता अडीच स्क्वेअरची वायर आहे. फ्यूजबॉक्सपासून सहा मीटर, येऊन-जाऊन बारा. सढळ हाताने पाच अँपिअर धरले तर ०.४१ व्होल्ट पडतात, आणि कॉम्प्रेसर सुरू होताना त्याहून जास्त. बॅटरी खाली आलेली असताना तेवढ्याने फ्रिजचा कंट्रोलर कमी व्होल्टेज समजून बंद होतो. सहा स्क्वेअर घातली की ०.१७. अण्णा आठ म्हणतायत. आठ बाजारात सहज मिळत नाही, म्हणून दहा मागवली आहे.